निशिगंधात धूर असतोच: एक अवघड परफ्यूम अंगावर वागवताना

एका ताईंनी नेओमी गुडसर या छोट्या घराण्याच्या 'न्युई द बाकेलीत' या परफ्यूमची दोन मिलिलिटरची नमुना-कुपी मागवली होती. मनगटावर फवारल्यावर पहिली दहा मिनिटं तापलेल्या वायरीचा आणि मोडलेल्या ओल्या देठांचा वास आला, मग निशिगंध आला, आणि शेवटी धूर आणि तंबाखू. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "कुणाकडे मयत झालंय का गं?" कुपी खराब निघाली का, आणि नसेल तर हे लावून ऑफिसला जायचं कसं, असं ताईंनी विचारलंय.

मी मुंबईत 24 वर्षं सुगंध पारखायचं काम करते. परफ्यूम रचणारा रचतो. मी रोज सकाळी त्याच्या कागदी पट्ट्या हुंगते, दिवसभर दोन्ही हातांवर दोन वेगळे नमुने वागवते आणि यातलं काय ठेवायचं, काय काढायचं ते सांगते. धुरकट फुलं हा माझा सगळ्यात आवडता प्रांत आहे, म्हणून उत्तर लांबेल.

कुपी खराब नाही. खराब झालेला परफ्यूम आधी वरच्या अंगाने जातो: फवारताक्षणी आंबूस, व्हिनेगरसारखा झोत येतो, किंवा जुन्या तेलासारखा खवट वास येतो, आणि त्यामागून येणारं फूल मरगळलेलं असतं. तुमचं फूल तर ठणठणीत आहे. तुम्हाला जो वायरीचा वास आला तो ठरवून घातलेला आहे, आणि नावातच सांगून ठेवलाय: 'न्युई द बाकेलीत' म्हणजे बॅकेलाइटची रात्र. बॅकेलाइट म्हणजे 1907 साली लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनतज्ज्ञाने अमेरिकेत फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बनवलेलं प्लॅस्टिक. तुमच्या आजोळी भिंतीवर काळी गोल बटणं असतील, बल्बचे काळे होल्डर असतील, तर ते तेच. असा होल्डर खूप तापला की जो औषधी, थोडा करपट वास यायचा, तो ज्यांनी घेतलाय त्यांना हा परफ्यूम पहिल्या क्षणी कळतो. ज्यांचं बालपण पांढऱ्या प्लॅस्टिकच्या स्विचबोर्डांत गेलं त्यांना तो नुसताच 'केमिकल' वाटतो. यात नाकाचा दोष नाही. ओळखीचं खातंच उघडलेलं नसतं.

हा परफ्यूम 2017 साली आला आणि तो इझाबेल द्वायाँ यांनी रचला. त्यांचं बरंचसं आयुष्य अनिक गुताल या घराण्यासाठी काम करण्यात गेलं. ज्यांच्या नावाने हे घराणं आहे त्या नेओमी गुडसर मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या, टोप्या घडवणाऱ्या. टोपी करणारी बाई परफ्यूमकडेही आकार म्हणून बघते असं मला नेहमी वाटतं: कडा कुठे धारदार ठेवायची, कुठे मऊ सोडायची.

आता खरा मुद्दा. तुम्ही लिहिलंय की धुराने निशिगंध 'बिघडवलाय'. माझं म्हणणं असं, की धूर आणि औषध निशिगंधाच्या पोटात आधीपासूनच आहेत. रूम फ्रेशनर आणि उदबत्तीवाल्यांनी ते काढून टाकून आपल्याला गोड, दुधाळ तेवढा निशिगंध दाखवलाय.

खात्री करायची तर गुलछडीची एक ताजी काडी आणा. एकेरी पाकळ्यांची मागा. दुहेरी दिसायला भरदार असते पण तिला वास कमी. सकाळी हुंगा, मग पाण्यात ठेवून रात्री दहाला पुन्हा हुंगा. सकाळी काकडीसारखा हिरवा, थंड वास येईल. रात्री डोळे मिटून नीट हुंगलंत तर तीन गोष्टी वेगळ्या काढता येतील. एक, आयोडेक्ससारखं काहीतरी: ते मिथाइल सॅलिसिलेट, आयोडेक्समध्येही तेच असतं आणि निशिगंधातही. दोन, निलगिरीची थंड फुंकर: ते सिनिओल. तीन, कपाटातल्या डांबरगोळीची आठवण: ते इंडोल, जे मोगऱ्यातही असतं आणि ज्याच्यामुळे पांढरी फुलं रात्री अंगावर येतात. मग देठ मोडा आणि मोडलेली बाजू हुंगा. तुमच्या कुपीतली पहिली पाच मिनिटं तिथे सापडतील.

हे मला प्रयोगशाळेत कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी हाच परफ्यूम मनगटावर चाचणीला लावून मी भल्या पहाटे दादरच्या फुलबाजारात गेले होते. शेवंती घेताना हात पुढे केला, तर टोपलीमागच्या मावशी म्हणाल्या, "ताई, गुलछडी कुठनं घेतली? देठं मोडलेली दिसतायत." आयुष्यभर ज्या बाईने हजारो देठं खुडली आणि मोडली, तिला त्यात प्लॅस्टिक दिसलंच नाही. तिला फूल दिसलं, आणि तेही नुकतं खुडलेलं. माझ्याकडच्या कुठल्याही मूल्यमापनाच्या कागदावर याहून नेमकं वाक्य मी आजवर लिहिलेलं नाही.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. खुडल्यावरही तो पुढे कितीतरी तास वास तयार करत राहतो, म्हणून फ्रान्समधल्या ग्रासला पूर्वी त्याची फुलं चरबीच्या थरावर पसरून ठेवायचे आणि चरबीत तो वास मुरू द्यायचे. आता अर्क काढतात तो हेक्झेनसारख्या द्रावकाने, आणि त्यातला मोठा वाटा तमिळनाडू-कर्नाटकातून जातो. एक टन फुलांतून जेमतेम किलोभर मेणासारखा कच्चा अर्क मिळतो, ज्याला धंद्यात काँक्रीट म्हणतात, आणि तो अल्कोहोलने धुऊन अॅब्सोल्यूट काढला की हातात त्याहूनही कितीतरी कमी उरतं. हा अॅब्सोल्यूट कुपीतून हुंगलात तर तुम्हाला तुमच्या परफ्यूमची ओळख लगेच पटेल: दाट, मातकट, थोडा रबरी, थोडा मधासारखा. लग्नाच्या गाडीवरचा निशिगंध तो नव्हे.

आणि धूर? परफ्यूममध्ये तो सहसा लाकूड, साल किंवा राळ जाळून किंवा कोरडी तापवून मिळालेल्या तेलातून येतो. युरोपात बर्चच्या सालीचं डांबर आणि केड नावाच्या जुनिपरचं तेल वापरत आले. रशियन चामड्याचा तो प्रसिद्ध वास बर्चच्या तेलाचा. कच्चं डांबर आता कातडीवर लावायच्या गोष्टीत चालत नाही, त्यातली घातक द्रव्यं काढून शुद्ध केलेलंच घ्यावं लागतं. आपल्याकडे कनौजचे कारागीर याच पद्धतीने चोया काढतात: राळ तापवून चोया राल, आणि शिंपले-नखी भाजून चोया नख. चोया नखचा एक थेंब हुंगलात तर समुद्रकाठी ओली लाकडं जळतायत असं वाटतं. माझ्या टेबलाच्या खणात एक कुपी कायम असते, नव्या मुलांना धूर शिकवायला.

लाकूड जळतं तेव्हा त्यातल्या लिग्निनमधून ग्वायकॉल नावाचा रेणू सुटतो. धुराला धुरपण देणाऱ्या मुख्य रेणूंपैकी तो एक. आता गंमत बघा: लवंगेतलं युजेनॉल म्हणजे त्याच ग्वायकॉलला जोडलेली एक छोटी शेपटी. व्हॅनिलातलं व्हॅनिलिन त्याच कुळातलं. आणि निशिगंधात युजेनॉलचा जवळचा भाऊबंद, मिथाइल आयसोयुजेनॉल, असतोच. इलांग-इलांगच्या फुलातही असाच एक उग्र, तबेल्याची आठवण देणारा रेणू असतो. म्हणजे धूर, लवंग, व्हॅनिला आणि पांढरं फूल ही एकाच गोत्रातली मंडळी. निशिगंधाशेजारी धूर ठेवणं म्हणजे दुरावलेले नातेवाईक पुन्हा एका पंक्तीला बसवणं. म्हणूनच चांगल्या हातून बनलेल्या धुरकट फुलात सांधा दिसत नाही. फूल कुठे संपलं आणि धूर कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही. सांधा दिसला, आधी गजरा आणि वर सिगारेट असं वाटलं, तर काम कच्चं समजावं. तुमच्या कुपीत सांधा नाही. तुम्हाला तीन वेगळे वास जाणवले कारण तुम्ही तीन वेगळ्या वेळी मनगट नाकाशी नेलंत. मधे मधे थोडं अंतर ठेवून हुंगत राहिलात तर एकातून दुसरं उमलताना दिसेल.

ही कल्पना नवी नाही. जर्मेन सेलिये या परफ्यूम रचणाऱ्या बाईंनी रॉबेर पिगे यांच्या फॅशन घराण्यासाठी 1944 मध्ये 'बँदी' केला, कडवट हिरवा आणि चामड्याचा. आणि 1948 मध्ये 'फ्राका', जो आजही निशिगंधाचा मानदंड समजला जातो. एकाच हाताने दोन टोकं केली. 'न्युई द बाकेलीत' हुंगताना मला दर वेळी वाटतं की ती दोन टोकं इथे एकमेकांना भेटली आहेत.

अंगावर तो कसा चालतो ते माझ्या अनुभवावरून सांगते. पहिला पाव तास गॅल्बनमचा: इराणकडून येणारा हा डिंक, मटाराची कच्ची शेंग चिरडल्यासारखा हिरवा, आणि त्याच्याबरोबर व्हायोलेटच्या पानाचा ओला, धातूसारखा वास. याच वेळात बॅकेलाइट सगळ्यात जोरात असतं. इथेच बहुतेक लोक हात धुतात. धुऊ नका. पाऊण तासाच्या आसपास फूल वर येतं, पण ते मलईदार नसतं; त्याला कणा असतो. तिसऱ्या तासापासून लॅब्डनम आणि स्टायरॅक्स या राळी, ग्वायक लाकूड, चामडं आणि तंबाखू बोलू लागतात. हा धूर होमातल्यासारखा डोळे झोंबवणारा नाही. समई नुकती मालवल्यावर वातीतून जी एक बारीक निळसर रेघ वर जाते, तिचा वास आठवा. तंबाखूही जळलेली नाही. आजोबांची चंची उघडल्यावर येतो तसला, वाळलेल्या पानाचा गोडसर वास. सात-आठ तासांनी फक्त कातडीलगत काहीतरी उबदार उरतं आणि ते दुसऱ्याला सहसा कळत नाही.

यात दवणाही आहे हे मला फार भावतं. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याबरोबर जो वाहतात तोच दवणा, परदेशी याद्यांतही 'दावाना' म्हणून त्याच नावाने वावरतो. त्याचं तेल सुकवलेल्या जर्दाळूसारखं, दारूत भिजवलेल्या फळासारखं लागतं, आणि आमच्या धंद्यात म्हणतात की दवणा प्रत्येकाच्या कातडीवर वेगळा बोलतो. दोघींनी एकाच कुपीतून लावला तर तिसऱ्या तासाला एकीकडे फळ आणि दुसरीकडे चहाची पावडर येऊ शकते. मी हे टीममधल्या मुलींच्या हातांवर पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून या परफ्यूमबद्दल दुसऱ्याचं मत फार मनावर घेऊ नका, माझंसुद्धा.

हवेचा फरक मात्र खरा मोठा आहे. मे महिन्यात मुंबईत घाम आणि दमट हवा मिळून यातलं फूल फुगतं, गोड होतं, आणि धूर खाली दबतो. लोकलच्या गर्दीत ते फूल चार जणींच्या वाट्याला येतं. डिसेंबरात पुण्याच्या कोरड्या पहाटे उलट होतं: फूल आखडतं, चामडं आणि धूर पुढे येतात. माझ्या मते हा परफ्यूम पावसाळ्यात सगळ्यात सुंदर दिसतो, जून-जुलैत, बाहेर ओली माती आणि घरात ओल्या कपड्यांना धुरी दिलेली असताना. पहिली चाचणी उन्हाळ्यात झाली असेल तर निकाल लावायची घाई नको.

आता आईंच्या वाक्याकडे येते, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. आईंच्या नाकाने काहीही चुकीचं सांगितलेलं नाही. फ्रान्समध्ये निशिगंध हुंगणाऱ्याला मखमली संध्याकाळ आठवते; आपल्याकडे तोच हार वधूवरांच्या गळ्यात असतो, तोच फोटोला असतो आणि तोच तिरडीवर असतो. त्यात उदबत्तीचा धूर मिसळला की मराठी घरात दोनच प्रसंग उरतात. माझे वडील गेले तेव्हा हॉलमध्ये गुलछडीचे हार आणि उदबत्त्यांचा धूर तीन दिवस रेंगाळला होता. त्यानंतर जवळपास दोन वर्षं मी कामावर निशिगंधाचा एकही नमुना हातात घेतला नाही. दुसऱ्या सहकाऱ्यांकडे दिला. परत आले ती याच जातीच्या एका धुरकट फुलातून. गोड निशिगंध मला खोटा वाटायचा, त्या तीन दिवसांशी त्याचा संबंध लागायचा नाही. या परफ्यूममध्ये तो हॉल होता, पण त्याशिवाय हिरवे देठ होते, चामडं होतं, दवणा होता. आठवण पुसली गेली नाही. तिला शेजार मिळाला.

तेव्हा आईंना 'तुला कळत नाही' असं म्हणू नका. त्यांना विचारा की नेमकं कुणाचं घर आठवलं. आणि घरात कुणाला अलीकडेच दुःख झालं असेल तर काही महिने हा परफ्यूम घरी लावू नका, बाहेर लावा. वासावर वाद घालून कुणाची आठवण बदलत नाही.

ऑफिससाठी एक फवारा पुरतो. दोन म्हणजे लिफ्टमध्ये तुमच्याआधी तुमचा वास पोचेल. मनगटापेक्षा छातीवर, कुर्त्याच्या आत, किंवा गुडघ्यामागे मारा. तिथून वास हळूहळू वर येतो आणि टाइप करताना सारखा नाकाशी येत नाही. फवारल्यावर मनगटं एकमेकांवर घासू नका, नुसतं वाळू द्या. निघायच्या आधी पाऊण तास लावा, म्हणजे वायरीचा भाग घरीच उरकेल. सहकाऱ्यांना फूल भेटेल. कातडी कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा थोडं बदामाचं तेल लावा, नाहीतर फूल लवकर उडतं आणि नुसतं चामडं राहतं. पांढऱ्या रेशमावर, पैठणीवर, टसरवर कधीही फवारू नका, राळी आणि अॅब्सोल्यूट रंगीत असतात आणि डाग पडतो. सुती ओढणीच्या आतल्या टोकाला चालेल, पण लक्षात ठेवा की धूर कापडात कातडीपेक्षा फार जास्त टिकतो. माझ्या एका शालीत मागच्या हिवाळ्यातला धूर अजून आहे आणि मला तो आवडतो. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आवडेलच असं नाही. कुणाला दमा किंवा अर्धशिशी आहे का हे आधी विचारा, आणि असेल तर त्या दिवशी लावूच नका. देवघरात निरांजन किंवा उदबत्ती पेटलेली असताना फवारायचं नाही, यात अल्कोहोल असतं.

आणखी एक चूक बहुतेक सगळे करतात. वीसेक मिनिटांनी स्वतःचा वास स्वतःला येईनासा होतो, म्हणून पुन्हा फवारतात. वास गेलेला नसतो, नाक सरावलेलं असतं. शंका आली तर खोलीबाहेर जाऊन पाच मिनिटांनी परत या, किंवा कोपराच्या आतली बिनवासाची कातडी हुंगून मग मनगट हुंगा.

पूर्ण बाटली घ्यायची का? आत्ता नको. दोन मिलिलिटरमध्ये वीसेक फवारे असतात, म्हणजे तुमच्याकडे अजून पुष्कळ आहे. कागदी पट्टीवर निकाल लावू नका, पट्टीला घाम येत नाही आणि पट्टीवर बॅकेलाइट तासन्‌तास तसंच राहतं. एका आठवड्यात तीन वेगळ्या दिवशी लावा: एकदा सुट्टीच्या सकाळी काहीही काम नसताना, एकदा प्रवासात, आणि एकदा रात्री झोपताना, उशीजवळ. रात्रीची चाचणी सोडू नका. निशिगंध रात्रीचं फूल आहे आणि हा परफ्यूमही अंधारात, आजूबाजूचे वास निवल्यावर नीट उलगडतो. तिन्ही वेळा पहिला पाव तास नुसता सोसावा लागत असेल तर हा तुमचा परफ्यूम नाही, त्यात कमीपणा काही नाही. पण तिसऱ्या वेळी त्या मोडलेल्या देठांची वाट बघायला लागलात तर घ्या. कुपी तोवर खोक्यात, कपाटात ठेवा. न्हाणीघरात नको आणि खिडकीत तर नकोच.

आणि त्या सुट्टीच्या सकाळी लावलात की चौथ्या तासाला, स्वयंपाकाची फोडणी निवल्यावर, काही न सांगता मनगट आईंच्या नाकाशी न्या. त्या काय म्हणतात ते मला कळवा.